विमान कंपन्यांना एकच गुण कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाल्यापासून पनवेल, उलवे, खारघर भागात कोणत्या कंपनीच्या विमानाने जावे, याची चर्चा घरोघरी होऊ लागली आहे. त्यामुळे आपल्या पुरवणीतील विमान कंपन्यांची क्रमवारी आवडीने वाचली गेली असणार. मात्र वक्तशीरपणा, खानपान, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि सुरक्षितता या सर्वांची बेरीज करून प्रत्येक कंपनीला एकच गुण देण्याची पद्धत मला दिशाभूल करणारी वाटते.

सेवेचे मोजमाप तुलनेने सोपे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देशांतर्गत वाहतुकीचा मासिक अहवाल प्रसिद्ध करते. वक्तशीरपणा, रद्द झालेल्या उड्डाणांचे प्रमाण आणि दर दहा हजार प्रवाशांमागे आलेल्या तक्रारी हे सारे त्यात कंपनीनिहाय मिळते. तक्रार नोंदवण्याऐवजी घरी येऊन चरफडणारे प्रवासी त्यात मोजले जात नाहीत, हे खरे. तरीही सेवेची तुलना करायला हा तक्ता पुरेसा आहे.

सुरक्षिततेला ही फूटपट्टी लावली, तर निष्कर्ष उलटाही निघू शकतो. मंगळूर येथे 22 मे 2010 रोजी 158 जणांचा आणि कोझिकोड येथे 7 ऑगस्ट 2020 रोजी 21 जणांचा बळी घेणाऱ्या अपघातांत एअर इंडिया एक्स्प्रेसची विमाने धावपट्टी ओलांडून खाली कोसळली. उतरणे योग्य रीतीने होत नसताना वैमानिकाने विमान पुन्हा वर घेतले नाही, यावर दोन्ही चौकशी अहवालांनी बोट ठेवले आहे. मंगळूरच्या विमानाचा कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. कोझिकोडच्या अहवालात तर दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण सांभाळण्यासाठी तेथेच उतरण्याची कॅप्टनची ओढ आणि त्या तळावरील कॅप्टनांची अपुरी संख्या यांचाही उल्लेख आहे. त्या रात्री विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवले असते, तर प्रवासी वैतागले असते, सकाळचे वेळापत्रक विस्कटले असते आणि आपल्या क्रमवारीत त्या कंपनीचे गुणच कमी झाले असते.

वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम याच कारणासाठी महत्त्वाचे आहेत. साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घालणारे नियम 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले, परंतु त्यासाठी पुरेशी तयारी न केलेल्या इंडिगोची हजारो उड्डाणे डिसेंबरमध्ये रद्द झाली. त्यावर काही नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट देण्यात आली. प्रवाशांची गैरसोय त्यामुळे लवकर मिटली असेल. थकव्याचा प्रश्न मात्र सूट दिल्याने सुटत नाही.

केवळ अपघातांची संख्या मोजणेही पुरेसे नाही. अपघात इतके विरळ असतात, की मोजक्या विमानांच्या नव्या कंपनीची पाटी कोरी असणे हा तिच्या दक्षतेचा पुरावा ठरत नाही. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची ‘आयोसा’ ही सुरक्षा तपासणी कंपनीने करून घेतली आहे का, हे पाहणे उपयोगी आहे. पण ती नोंदणी किमान निकष पूर्ण झाल्याचे सांगते, त्यातून पहिला-दुसरा क्रमांक काढता येत नाही. तांत्रिक बिघाडांच्या आकड्यांबाबतही सावधगिरी हवी, कारण ताफा मोठा असला किंवा किरकोळ दोषही प्रामाणिकपणे कळवण्याची शिस्त असली, तरी आकडा फुगतो.

पुढील क्रमवारीत सेवेचे गुण जरूर द्यावेत, परंतु सुरक्षिततेची माहिती गुणांविना वेगळ्या तक्त्यात छापावी. आयोसा नोंदणी, डीजीसीएने केलेले दंड आणि त्यांची कारणे, तसेच अपघात चौकशीतील कोणत्या शिफारशी कंपनीने अमलात आणल्या, एवढे त्यात असावे. शिफारशींविषयी कंपनीने उत्तर दिले नाही, तर तिच्या नावापुढे तसे स्पष्ट लिहावे.

आपला,
एक वाचक, खारघर, नवी मुंबई