निळूभाऊंच्या नावाने एक बाक हवा आहे

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : ज्येष्ठ अभिनेते दिवंगत निळू फुले यांच्या स्मरणार्थ पुण्यात बाक बसवण्याच्या परवानगीबाबत

मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमची मागणी लहान आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. पुण्यातल्या एखाद्या सार्वजनिक बागेत, झाडाच्या सावलीत, निळू फुले यांच्या नावाचा एक दगडी बाक आम्हा चाहत्यांना स्वखर्चाने बसवायचा आहे. शासनाकडून एक रुपयाही नको. पैसे आम्ही आपसात जमवतो आहोत, दगडाचं काम करणारा कारागीरही तयार आहे. घोडं अडलं आहे ते परवानगीपाशी. ती नेमकी कोणी द्यायची, हेच आम्हाला अजून कोणी नीट सांगू शकलेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांना वाचता येईल असं.

निळूभाऊ माळी होते, हे आज फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. नट म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी, ऐन तारुण्यात, त्यांनी पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत काम केलं. पगार महिना 80 रुपये. त्यातले 10 रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढायची त्यांची फार इच्छा होती, पण भांडवल नव्हतं. मग सेवा दलाचं कलापथक, राम नगरकरांसारखे सोबती, लोकनाट्य आणि पुढे सिनेमा, असा त्यांचा रस्ता वळत गेला. ज्या माणसाने या शहरातली झाडं स्वतःच्या हातांनी जोपासली, त्याची आठवण या शहरातल्या एखाद्या झाडाखाली असावी, एवढंच आमचं म्हणणं आहे.

पिंपळे गुरवच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं आहे, याचा आम्हाला आनंद आहे. पण नाट्यगृहात माणूस तिकीट काढून जातो, खेळ संपला की बाहेर पडतो. निळूभाऊंचा प्रेक्षक जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमा पाहणाराही होता. त्याला, त्याच्या नातवंडांना कधीही येऊन टेकता येईल अशी जागा आम्हाला हवी आहे.

त्यांच्या अभिनयाबद्दल आपल्यासारख्या रसिक मंत्र्यांना मी वेगळं काय सांगणार? तरीही थोडं लिहितो, कारण आज मोबाईलवर निळूभाऊ दिसतात ते बहुतेक वेळा वाड्यावर बोलावणारा पाटील म्हणूनच. नकला करणाऱ्यांनी तो घोगरा आवाज आणि ती तिरकी नजर उचलली. आमच्या मुलांपर्यंत पोहोचलं ते तेवढंच, आणि याचं मला मनापासून दुःख होतं. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांचं नाव गाजलं. 1968 च्या ‘एक गाव बारा भानगडी’मधून ते पडद्यावर आले. 1972 साली रंगभूमीवर त्यांनी सखाराम बाईंडर उभा केला. त्या नाटकावरून केवढं वादळ उठलं, प्रकरण कसं न्यायालयापर्यंत गेलं, हा आपल्या रंगभूमीच्या इतिहासाचा भाग आहे. तो सखाराम क्रूर होता, तसाच स्वतःच्या हिशोबाने प्रामाणिकही होता. या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात, एकाच वेळी दाखवणं किती अवघड असतं ते रंगमंचावर उभं राहिलेल्या कोणालाही विचारावं.

आणि 1975 चा ‘सामना’. साखर कारखान्याच्या जोरावर सगळा मुलूख मुठीत ठेवणारा हिंदूराव धोंडे पाटील आणि समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारूत बुडालेला मास्तर. मास्तर नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो आणि हिंदूरावाच्या साम्राज्याला तडा जाऊ लागतो. तो तडा निळूभाऊ आरडाओरडा न करता दाखवतात. पानाचा तोबरा, खुर्चीत बसण्याची ढब, मध्येच हरवणारी नजर. खलनायक म्हणून ज्याचा तिरस्कार करायचा, त्याच माणसाचं एकटेपण आपल्याला दिसू लागतं. चारच वर्षांनी, 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये तेच निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले. सत्तेच्या सगळ्या खोल्यांमध्ये वावर असलेला, सगळं ठाऊक असलेला आणि काहीच बदलू न शकणारा माणूस. हिंदूराव आणि दिगू एकाच नटाने केले आहेत, हे माहीत नसलेल्या माणसाला सांगून पाहा. त्याचा विश्वास बसणार नाही. 1984 च्या ‘सारांश’मुळे देशभरातल्या प्रेक्षकांनाही हे सामर्थ्य कळलं.

पडद्यावर त्यांनी इतक्या बायकांवर इतके अत्याचार केले की गावोगावच्या बाया त्यांना पाहून बोटं मोडत. प्रत्यक्षात हा माणूस अतिशय ऋजू होता, साधे कपडे घालणारा, वाचणारा, चळवळींसाठी पदरमोड करणारा. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले, तेव्हा डॉ. लागूंबरोबर निळूभाऊही महाराष्ट्रभर फिरले. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून मोठमोठे नट गावोगाव प्रयोग करत होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते उभे राहिले. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात कर्करोगाने ते गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांमध्ये सिनेमाशी काडीचाही संबंध नसलेले कितीतरी कार्यकर्ते होते.

अशा माणसाचा चौकात पुतळा उभारावा असं आम्हाला वाटत नाही. पुतळ्याला चौथरा लागतो, कुंपण लागतं, वर्षातून दोनदा हार लागतो. बाकी दिवस त्याच्याकडे मान वर करून कोणी पाहत नाही. निळूभाऊंच्या शेजारी बसता यावं, अशी आमची इच्छा आहे.

आता अडचणीकडे वळतो. आमचा अर्ज एका कार्यालयाने पुतळ्यांच्या प्रकरणांत टाकला आणि आमच्याकडे त्या पद्धतीची कागदपत्रं मागितली. पुतळ्यांबाबत नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, पोलिसांचं म्हणणं घ्यावं लागतं. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेशही आहे. त्यामागचं कारण आम्हाला पूर्ण पटतं. पण बाकाचा मातीचा नमुना कोणाकडे पाठवायचा? बागेत बाक आधीपासूनच असतात. आम्ही तर असं सुचवलं की नवी जागाही देऊ नका. एखादा मोडलेला, पाठ निखळलेला बाक आम्हाला दाखवा, तो काढून त्याच जागी आम्ही नवा बसवतो. त्याने एक इंचही जागा अडणार नाही. यावर आम्हाला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

बाकांवर नावं नसतात असंही नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात, कोणत्याही बस थांब्यापाशी पाहा. सिमेंटच्या बाकाच्या पाठीवर कोणाच्या निधीतून, कोणाच्या प्रयत्नातून आणि कोणाच्या सौजन्याने हे ठळक रंगात लिहिलेलं असतं. लोकप्रतिनिधींनी बाक दिले, लोकांची सोय झाली, याबद्दल माझी तक्रार नाही. पण सार्वजनिक पैशातून केलेल्या बाकावर जिवंत माणसाचं नाव चालतं आणि लोकांनी वर्गणी काढून केलेल्या बाकावर दिवंगत कलावंताचं चालत नाही, हे न्यायाचं वाटत नाही. आपल्यालाही तसंच वाटेल असा माझा विश्वास आहे.

जिवलगाच्या आठवणीसाठी लोकांच्या उपयोगाची वस्तू बांधायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मुंबईत फोर्टमध्ये मुळजी जेठा कारंजं आहे. रतनसी मुळजी यांचा एकुलता एक मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला. त्याच्यासाठी वडिलांनी 1894 मध्ये ते बांधलं. माथ्यावर पुस्तक वाचत बसलेला मुलगा आहे आणि खाली येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पाण्याची सोय केली होती. बापाच्या दुःखातून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची तहान भागत होती, याहून चांगलं स्मारक मला तरी सुचत नाही. गावोगावच्या पाणपोया, घाटाच्या पायऱ्या, धर्मशाळांच्या ओट्यांवर कोरलेली नावं, सगळी याच भावनेतून आली आहेत.

बाहेरच्या देशांत यासाठी रीतसर व्यवस्था आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 1986 पासून नागरिकांना बाक दत्तक घेता येतो. बाकावर एक छोटी पट्टी लागते आणि मिळालेला पैसा बागेच्या देखभालीला जातो. बॉस्टनच्या पब्लिक गार्डनमधल्या एका बाकावर अभिनेते रॉबिन विल्यम्स यांच्या ‘गुड विल हंटिंग’मधला एक प्रसंग चित्रित झाला होता. 2014 मध्ये ते गेले तेव्हा लोक आपणहून त्या बाकापाशी जमले, फुलं ठेवली, जमिनीवर खडूने त्यांच्या चित्रपटांतली वाक्यं लिहिली. कोणी बोलावलं नव्हतं. लोकांना दुःख करायला एक जागा हवी होती, ती त्यांनी शोधली.

आपल्याकडे वांद्र्याच्या बँडस्टँडवर 2012 साली हिंदी चित्रपटांतल्या ताऱ्यांची आठवण म्हणून एक उपक्रम मोठ्या झगमगाटात सुरू झाला होता. पुतळे बसवले गेले, लोक शेजारी बसून फोटो काढत. पुढे ते पुतळे तिथून हलले. म्हणून आम्ही बाक कसा असावा यापेक्षा तो वीस वर्षांनी कसा असेल, यावर जास्त विचार केला आहे. धातूची पट्टी लावायची नाही, कारण ती चोरीला जाते. रंगवलेली अक्षरं दोन पावसाळ्यांत उडतात. म्हणून अक्षरं काळ्या दगडात कोरायची. बाकाला पाठ हवी आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला आधार हवा, कारण निळूभाऊंचा खरा प्रेक्षक आता साठीच्या पुढे गेला आहे आणि त्याला उठताना आधार लागतो. खाली पाणी साचणार नाही असा उतार ठेवायचा. झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट टाकायचं नाही. एका माळ्याच्या स्मारकासाठी झाडाचा श्वास कोंडला, तर तो निळूभाऊंचा अपमान ठरेल.

मजकुराबद्दलही आम्ही आपसात भरपूर भांडलो आहोत. कोणाला संवाद हवा होता, कोणाला पुरस्कारांची यादी. शेवटी ठरलं ते इतकंच : ‘निळू फुले, माळी आणि नट’. देणगीदारांची नावं नाहीत, आमच्या गटाचं नाव नाही, उद्घाटनाची पाटी नाही. उद्घाटनाला आपण आलात तर आम्हाला आनंदच होईल, पण बाकावर आपलंही नाव कोरलं जाणार नाही, हे आदरपूर्वक आत्ताच सांगून ठेवतो.

उद्या प्रत्येक जण बाक मागू लागेल, त्यातून वाद होतील, ही भीती आम्हाला अधिकाऱ्यांनी बोलून दाखवली. ती खोटी नाही. जातीवरून, पक्षावरून ओढाताण होऊ शकते. त्यावर बंदी घालण्यापेक्षा नियम करणं बरं. कलावंताच्या निधनाला काही वर्षं झालेली असावीत. कुटुंबीयांची लेखी संमती असावी. बाकावर छायाचित्र, चिन्ह, झेंडा यांपैकी काहीही नसावं. परवानगी कायमची न देता दहा वर्षांची द्यावी, देखभाल नीट झाली असेल तरच वाढवावी. आणि अर्जावर ठरलेल्या मुदतीत होकार किंवा नकार यावा. नकार आला तरी चालेल, त्याचं कारण तरी कळेल. हे सगळं आपल्या खात्याच्या एका साध्या परिपत्रकात बसेल आणि महानगरपालिका, नगरपालिकांच्या उद्यान विभागांना त्याचा आधार मिळेल. मग कोल्हापूरचे लोक त्यांच्या लाडक्या नटासाठी मागतील, नागपूरचे त्यांच्या. कोणी एखाद्या लावणी कलावंतासाठी मागेल, कोणी आयुष्यभर पडद्यामागे प्रॉम्प्टिंग केलेल्या माणसासाठी. मला तर ते फार आवडेल.

महापालिकांच्या बागा आपल्या अखत्यारीत येत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी आणि प्रभादेवीची पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी यांचा कारभार आपल्याच खात्याकडे आहे. सुरुवात तिथून करता येईल. आपल्या आवारात असे दोन बाक बसले की बाकीच्यांना वाट दिसेल.

पुण्यातल्या बऱ्याच बागा दुपारी लोकांसाठी बंद असतात. त्या वेळी तिथे फक्त माळीकाम करणारे असतात. त्यातले बरेच जण आता कंत्राटावर आहेत. डबा खायला ते कुठेतरी पायरीवर, नळाशेजारी बसतात. बाक बसला तर दुपारभर तो त्यांचा असावा, त्यांना तिथून कोणी उठवू नये, एवढी एक ओळ परवानगीच्या पत्रात घालावी, अशी आमची खास विनंती आहे.

अर्जाची प्रत, दगडाचं मोजमाप, खर्चाचा अंदाज आणि कारागिराचं रेखाटन या पत्राबरोबर आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहोत. भेटीची वेळ मिळाली तर आम्ही मंत्रालयात येऊ. येत्या 13 जुलैपूर्वी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपले नम्र,
निळूभाऊंचे काही चाहते, पुणे