आत्तीच्या शेवटच्या प्रवासातल्या माणसांना

आत्ती पुण्यात गेली. अंत्यविधी तिथंच करायचा की कोल्हापूरला आणायचं, यावर बराच खल झाला. शववाहिकेचं भाडं ऐकून तर सगळेच गप्प. घासाघीस करायला अशा वेळी जीभ रेटत नाही. शेवटी नुसत्या डिझेल-टोलवर यायला तयार झालेल्या चालकदादांचे आभार. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, हे ठाऊक होतं. पण खालून वारा खेळेल अशी फट ठेवत शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचणाऱ्या कर्मचाऱ्यांनी वर दिलेले पैसेही माझ्याच खिशात परत कोंबले. होळीला तिथं शेणी दान करणाऱ्या मंडळांचेही आभार; त्या कुणासाठी पेटल्या हे त्यांना कधीच कळत नाही. आणि रक्षाविसर्जनाला चहा घेऊन आलेल्या काकू, तुमचा थर्मास आमच्याकडेच राहिलाय.