टुंबेसची ‘चिमणी’ आपल्या भारीटाच्या नात्यातली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिमणी दिनानिमित्त काढलेले आपले पान आवडीने वाचले. त्यातल्या एका चौकटीत दक्षिण अमेरिकेतल्या ‘टुंबेस चिमणी’ला (टुंबेस हा पेरू देशाच्या वायव्येचा प्रांत) जागा मिळाली, याचा विशेष आनंद झाला. मात्र तिला ‘आपल्या घरचिमणीची बहीण’ म्हटले आहे, ते बरोबर नाही.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथल्या लहानशा, तपकिरी, दाणे टिपणाऱ्या पाखरांना ओळखीचे नाव देऊन टाकले, एवढेच. त्या ‘चिमण्यां’चे कूळ वेगळे आहे. त्यांचे जवळचे नातेवाईक आपल्याकडे पाहायचे असतील, तर हिवाळ्यात ज्वारीच्या शिवारात उतरणारे काळ्या डोक्याच्या भारीटांचे थवे पाहावेत. आमच्या सोलापूरकडे शेतकरी त्यांना हाकलून थकतात! खरी घरचिमणी दक्षिण अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात माणसानेच नेऊन सोडली.

टुंबेसचा हा पक्षी १८७७ साली पोलंडचे पक्षीशास्त्रज्ञ ताचानोव्स्की यांनी शास्त्राला ओळखीचा करून दिला आणि पेरूत पक्षी गोळा करणारे त्यांचे देशबांधव श्टोल्त्समान यांचे नाव त्याला दिले. डोक्यावर तांबूस पट्टे, त्यांच्यामधून करडी रेघ, खांद्याशी तांबडा डाग, चोच दणकट. पेरूचा वायव्य आणि इक्वेडोरचा नैऋत्य भाग सोडला, तर तो जगात कुठेही नाही.

त्या भागाला आपण ‘ओसाड’ म्हटले, याचे मात्र वाईट वाटले. तिथले शुष्क जंगल वर्षातले बरेच महिने निष्पर्ण असते. साधारण जानेवारी ते एप्रिल पाऊस झाला की सगळे हिरवे होते आणि पाखरांचे विणीचे दिवस सुरू होतात. एल निन्योच्या वर्षी तर पाऊस अक्षरशः कोसळतो. शंभर वर्षे नामशेष मानलेला पांढऱ्या पंखांचा ग्वान हा कोंबडीच्या जातकुळीतला मोठा पक्षी १९७७ मध्ये पेरूच्या याच जंगलांत पुन्हा सापडला. तिथला अल्गारोबो म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचा सख्खा भाऊबंद. आपल्याकडे ती नकोशी झाली आहे, तिथे मात्र तो अस्सल रहिवासी असूनही कोळशासाठी तोडला जातो. टुंबेसचा पक्षी आज धोक्याच्या यादीत नाही, पण त्याचा निवारा कमी होतो आहे, हे त्या चौकटीत यायला हवे होते.

कृपया दुरुस्ती छापावी आणि जमल्यास तिच्याशेजारी आपल्या भारीटाचेही छायाचित्र द्यावे.

– एक पक्षीप्रेमी वाचक, सोलापूर