कंट्रोलरकाका, तुमचा ड्युटी चार्ट अजून भिंतीवर आहे

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचं विचारता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. दुसऱ्या एखाद्या वस्तीत असं काम सुरू करू बघणाऱ्या कुणाच्या हाती ते लागलं, तर त्यांची दोन वर्षं वाचतील, असंही वाटतं.

पर्वतीच्या पायथ्याशी, आपल्या समाजमंदिरात आम्ही रविवारची बैठक सुरू केली तेव्हा तुमच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की मागच्या गल्लीतले काका स्वारगेटला एसटीत कंट्रोलर होते. आठवी ते बारावीची मुलं, एका ताईकडे किंवा दादाकडे दोघं, दर रविवारी दहा ते बारा. शिकवणी घ्यायची नाही, मुलांशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं आणि पुढचा रस्ता शोधताना सोबत राहायचं, असं ठरलं होतं. जूनमध्ये अकरा ताई-दादा येत होते. दिवाळीनंतर चार उरले. कुणाची परीक्षा, कुणाची नवी नोकरी, कुणाच्या घरी लग्न. कारणं सगळी खरी होती.

एका रविवारी दुपारी तुम्ही आमच्या दारात आलात. नववीतला एक मुलगा दहापासून साडेबारापर्यंत समाजमंदिराच्या पायरीवर वही घेऊन बसला होता, त्याचा दादा आलाच नव्हता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "तो दादावर रागावलेला नाही. आपल्यातच काही कमी असेल म्हणून दादा येत नाही, असं त्याला वाटतंय." त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण मदत करतो आहोत असं समजत होते, आणि त्या पोराला आधीच भेटलेल्या सोडून जाणाऱ्या माणसांत आम्ही एकाची भर घातली होती.

पुढच्या शनिवारी तुम्ही पुठ्ठा, पट्टी आणि लाल-निळं पेन घेऊन आलात. तीन रकाने आखलेत: ड्युटी, बदली, सुट्टी. येता येणार नसेल तर शुक्रवारी रात्री आठच्या आत कळवायचं, मग बदलीवरचा माणूस जाणार. बदलीवरचे दादा-ताई मुलांना आधीपासून ओळखीचे हवेत, ऐनवेळी अनोळखी चेहरा समोर बसवायचा नाही, हे तुमचंच. जून ते मार्च येण्याचा शब्द देता येत नसेल त्याच्याकडे मूल सोपवायचं नाही, त्याला फॉर्म भरायच्या टेबलावर बसवायचं. आणि सोडून जायचं असेल तर तीन रविवार आधी मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि नव्या ताईशी गाठ घालून द्यायची.

मी वाद घातला होता, काका. इतके नियम लावले तर कोण येईल? तुम्ही म्हणालात, "फेऱ्या कमी लावू. पण लावलेली फेरी रद्द करायची नाही. फलाटावर उभ्या माणसाला कारण नको असतं, गाडी हवी असते." काही जण खरंच गेले. जे राहिले ते टिकले. आज मुलांची संख्या वाढवा असं कुणी सुचवलं, की मी आधी बदलीचा रकाना बघते. तो रिकामा असेल तर नवीन मूल घेत नाही. दाराशी आलेल्या आईला थांबा म्हणताना जीव तुटतो, पण ते तुमच्याकडूनच शिकले.

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगितल्यावर दोघं-तिघं दुखावले होते. तेव्हा तुम्ही न बोलता स्वतःचा दाखला काढून आणलात आणि टेबलावर ठेवलात. तो विषय त्या दिवशीच मिटला. समाजमंदिराचं दार उघडं ठेवायचं, मुलाला एकट्याने घरी बोलवायचं नाही, फोन करायचा तर आईवडिलांना माहीत असायला हवं. चार्टशेजारी १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलात. ज्या आया सुरुवातीला मुलींना पाठवत नव्हत्या, त्यांच्याशी नळावर, रेशनच्या रांगेत बोलायला तुम्ही आणि काकू गेलात. काकूंचेही आभार इथेच मानते, कारण मुलींच्या घरांची दारं त्यांच्यामुळे उघडली.

दहावीच्या निकालाचा दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. दोन विषय राहिलेली एक मुलगी दुपारपासून घराबाहेर आली नव्हती. "संपलं आता, कामाला लावतो," असं तिचे वडील म्हणत होते. तुम्ही त्यांच्या शेजारी ओट्यावर बसून त्यांना एटीकेटी म्हणजे काय ते समजावलंत. दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा लगेच असते, वर्ष जात नाही. इतकी साधी माहिती, पण ती त्या दिवशी त्या ओट्यावर पोचायला हवी होती. त्यानंतर तुम्ही वहीच केलीत. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी-बारावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म, दहावी नापासालाही प्रवेश देणारे आयटीआयचे वेल्डरसारखे ट्रेड, आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा, जिच्यातून निवड झाली तर बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, हे तर तुम्ही प्रत्येक घरी जाऊन सांगितलंत.

हे सगळं कशासाठी, असं एकदाच विचारलं होतं. १९७२च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आलो, दिवसा हॉटेलात कपबश्या धुवायच्या आणि रात्रशाळेत जायचं, असं तुम्ही सांगितलंत. शाळेच्या फॉर्मवर सही करायला मोठं माणूस नव्हतं, तेव्हा हॉटेलात रोज चहाला येणारे एक गृहस्थ सोबत आले. "ते नंतरही दर महिन्याला शाळेत येऊन चौकशी करायचे," म्हणालात, आणि उठून गेलात. ते वाक्य मी अजून सांभाळून ठेवलं आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही गावी गेलात. पायरीवर बसलेला तो मुलगा आता पॉलिटेक्निकला आहे आणि दर महिन्याचा चार्ट तोच लिहितो. रकाने तुमच्यासारखेच आखतो, लाल-निळ्या पेनांनी. या महिन्याच्या चार्टमध्ये बदलीच्या रकान्यात सगळ्यात वर त्याने तुमचं नाव लिहिलं आहे. मी म्हटलं, काका इतक्यात येणार नाहीत. तो म्हणाला, "असू दे. त्यांनी कळवलेलं नाही अजून."

काकूंना नमस्कार.

आपली,
रविवारच्या बैठकीतली ताई