फ्लू लसीकरण कॅम्पमधल्या निष्काळजीपणाबद्दल लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आमच्या ऑफिसमधे मागच्या मंगळवारी झालेला फ्लू लसीचा कॅम्प

नमस्कार,

मी आमच्या कंपनीत अ‍ॅडमिन बघते आणि हा कॅम्प ठरवण्यापासून लोकांना रांगेत आणून उभं करण्यापर्यंत सगळं मीच केलं होतं, त्यामुळे हे पत्र पण मीच लिहितेय. फोनवर दोनदा बोलून झालं, दोन्ही वेळा "नोंद घेतलीय मॅडम" एवढंच ऐकायला मिळालं, म्हणून आता लेखी.

आधी तुमचं पोस्टर. कॅम्पच्या आठ दिवस आधी तुम्ही पाठवलंत, मी स्वतः कॅन्टीनच्या दारावर आणि लिफ्टशेजारी चिकटवलं. त्यावर मोठ्या अक्षरात छापलंय की ही लस इन्फ्लुएन्झाच्या ए, बी, सी आणि डी या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. दुसऱ्याच दिवशी क्वालिटी विभागातली एक मुलगी येऊन म्हणाली, मॅडम, डी प्रकार तर मुख्यतः गुरांमधे सापडतो, माणसांना त्याने आजार होतो असं दिसलेलं नाही, मग आपण त्याची लस का घेतोय? मला उत्तर देता आलं नाही. मग मी बसून वाचलं आणि डोक्याला हातच लावला. दरवर्षी साथ येते ती ए आणि बी या दोन प्रकारांची, सी ने साधारण सौम्य सर्दी-खोकला होतो आणि सी, डी साठी या लसीत काहीच नसतं. चार स्ट्रेनची, म्हणजे चार उपप्रकारांची लस म्हणजे दोन ए मधले, एच१एन१ आणि एच३एन२, आणि दोन बी मधले, व्हिक्टोरिया आणि यामागाता. आरोग्याचं काम करणाऱ्या कंपनीला हा फरक माहीत नसावा?

त्याच पोस्टरवर खाली 'एकदा घ्या, वर्षभर निश्चिंत' असंही आहे. हे तर मला जास्त लागलं, कारण मी टेबलाटेबलावर जाऊन लोकांना खरं सांगत होते. की लस त्या वर्षीच्या व्हायरसशी चांगली जुळली तर फ्लूमुळे डॉक्टरकडे जायची वेळ येण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, शंभर टक्के नाही, पण लस घेऊनही फ्लू झालाच तर तो गंभीर होण्याचा धोका कमी असतो. की इंजेक्शनमधला व्हायरस निष्क्रिय केलेला असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही, दंड दुखेल, एखाद दिवस अंग कसकसेल, बस. आता उद्या कोणाला ताप आला की तो मला तुमचं 'निश्चिंत' दाखवणार.

दुसरी गोष्ट, कोटेशनमधे चार स्ट्रेनची लस लिहिली होती आणि आलेल्या बॉक्सवर तीन स्ट्रेनची. स्पष्टच सांगते, तीनची लस दिलीत याबद्दल माझी तक्रार नाही. बी यामागाता मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही सप्टेंबर २०२३ पासून तो लसीत ठेवायची गरज नाही असं सांगितलंय. पण हे मला आधी सांगायला काय झालं होतं? रांगेतल्या एकाने बॉक्स वाचला आणि दहा मिनिटात पूर्ण मजल्यावर झालं की कंपनीने पैसे वाचवायला हलकी लस आणली. अकरा जण रांग सोडून गेले. त्यातल्या एकाला दमा आहे, त्याला तयार करायला मला दोन आठवडे लागले होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मला झोप लागत नाहीये. तुमच्या माणसाने लसीचा डबा माझ्यासमोर उघडला. आत बर्फाचे पॅक होते आणि सिरिंजचे बॉक्स थेट त्या पॅकवर ठेवलेले, मधे पुठ्ठा नाही, थर्माकोल नाही, काही नाही. खालच्या दोन बॉक्सचा कागद भिजून पॅकला चिकटला होता, ओढून काढला तेव्हा कोपरा फाटून तिथेच राहिला. डब्यात थर्मामीटर नव्हता. मी विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, थंड आहे ना मॅडम, मग झालं. नाही होत! ही लस २ ते ८ डिग्रीमधे ठेवायची असते आणि एकदा गोठली की टाकून द्यायची असते, परत वितळल्यावर नुसतं बघून कळेलच असं नाही. म्हणजे खालच्या बॉक्समधली लस ज्यांना टोचली त्यांना संरक्षण मिळालं की नुसतं दुखणं मिळालं, हे आज कोणीच सांगू शकत नाही. सर्टिफिकेटवर बॅच नंबर पण नाही, त्यामुळे कोणाला कुठल्या बॉक्समधली दिली तेही शोधता येत नाहीये.

अकाउंट्समधली आमची एक जण पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला सिस्टरनी "डिलिव्हरी झाल्यावर या" म्हणून परत पाठवलं. निष्क्रिय व्हायरसचं इंजेक्शन गरोदरपणात कुठल्याही महिन्यात देता येतं आणि तिला तर फ्लूचा धोका इतरांपेक्षा जास्त, शिवाय आईने घेतली की बाळाला पण पहिले काही महिने फायदा होतो. चालत नाही ती नाकातून द्यायची जिवंत व्हायरसची लस, ती तुम्ही आणलीच नव्हती. आणि टोचल्यावर १५ मिनिटं बसवायचं असतं ते कोणी बसवलं नाही, एक मुलगा जिन्यात चक्कर येऊन बसला, नशीब दोघं बरोबर होते.

तारीख तुम्ही दोनदा पुढे ढकललीत, एकूण पाच आठवडे गेले. लस घेतल्यावर अँटीबॉडी तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात आणि आमच्याकडे डिस्पॅचमधे तापाने लोक पडायला सुरुवात झाली सुद्धा. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून माणूस फ्लू पसरवू शकतो, एका हॉलमधे साठ जण बसतात, मग तारखेचा एवढा आग्रह मी का धरत होते ते कळेल. रात्रपाळीवाल्यांसाठी सकाळी सात ते आठ असं लेखी ठरलं होतं, तुमची टीम आली साडेदहाला. ते बिचारे साडेआठपर्यंत वाट बघून घरी गेले.

मला काय हवंय ते सांगते. त्या दिवशी तुमच्या गोदामातून आमच्या ऑफिसपर्यंत लस कुठल्या तापमानात आली त्याची नोंद, प्रत्येकाच्या नावापुढे बॅच नंबर आणि एक्स्पायरी. नोंद नसेल तर तुमच्या डॉक्टरांनी सहीनिशी लिहून द्यावं की हे डोस धरायचे की परत द्यायचे, आणि परत द्यायचे असतील तर तुमच्या खर्चाने. रात्रपाळी, त्या गरोदर ताई आणि रांग सोडून गेलेले अकरा जण, यांच्यासाठी दुसरा कॅम्प याच महिन्यात, थर्मामीटर असलेला डबा आणि प्रश्नांना उत्तरं देऊ शकेल असा डॉक्टर बरोबर घेऊन. पोस्टर दुरुस्त करून द्या, चुकीचं मी काढलंय पण का काढलं ते लोक विचारतायत, त्यामुळे चूक झाली असं तुमच्या नावाने पत्र हवं.

सात दिवसात लेखी उत्तर आलं नाही तर उरलेलं पेमेंट थांबवून मी हे सगळं फोटोंसकट आरोग्य विभागाकडे देणार आहे. डब्याचे आणि त्या फाटलेल्या बॉक्सचे फोटो सोबत जोडलेत.

आपली,
अ‍ॅडमिन विभागातून