फवारणीचे कपडे गरोदर बाईच्या हाती नकोत

संपादक महोदय,

गरोदर बाईला पपई खाऊ नको, ग्रहण पाळ, हे सांगायला घरात दहा जण असतात. कपाशी-सोयाबीन फवारून आलेल्या नवऱ्याचे कपडे धुऊ नको, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मराठवाड्यात खरीपभर ते तिच्याच बादलीत पडतात.

क्लोरपायरीफॉससारखी कीड मारायची औषधे कातडीतून अंगात जातात, वारेतून बाळापर्यंत पोचतात. काही औषधे थायरॉइड ग्रंथीच्या कामात ढवळाढवळ करतात. बाळाची स्वतःची थायरॉइड साधारण १२ आठवड्यांनंतर काम करू लागते. तोवर मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवरच असते. औषधाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणावर विसंबू नये. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध अंगात गेल्यावर लगोलग किती घातक, एवढेच सांगतात. हिरवा त्रिकोण म्हणजे गर्भाला निर्धोक, असे नाही.

फवारणाऱ्याने कपडे बाहेरच उतरवून अंघोळ करावी आणि स्वतःच, हातमोजे घालून, ते वेगळ्या बादलीत साबणाने दोनदा धुवावेत. घरच्या कपड्यांत एकही मिसळू नये. पाणी हापशा-विहिरीजवळ ओतू नये. रिकामा कॅन कितीही विसळला तरी पाण्याला, तेलाला वापरू नये, कारण औषध प्लास्टिकमध्ये मुरते. भाजी-फळांसाठी एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे (सुमारे १० ग्रॅम) खायचा सोडा, त्यात १५ मिनिटे भिजवणे, मग चांगले धुणे. यात वरचे बरेचसे औषध निघते. आंतरप्रवाही औषध आत भिनलेले असते, ते निघत नाही.

दुसरी गोष्ट गरम पदार्थ आणि प्लास्टिकची. हॉटेलातून पिशवीत बांधून आणलेला उकळता चहा किंवा रस्सा तिला देऊ नये. किटली, स्टीलचा डबा सोबत न्यावा. पाण्याच्या कडक पारदर्शक जारच्या तळाशी ७ आकडा असेल, तर तो बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचा. टेम्पोत उन्हाने तापला की त्यातून बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारे रसायन पाण्यात जास्त उतरते. टँकरवर जगणाऱ्या गावाला ‘जार बंद करा’ सांगण्यात अर्थ नाही, आणि मे महिन्यात पाणी कमी पिणे त्याहून वाईट. जार सावलीत ठेवावा, आल्याबरोबर पाणी माठात ओतावे. बिस्फेनॉल-ए बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे सातव्या महिन्यात सवय बदलली तरी उपयोग होतो. ‘बीपीए-फ्री’ बाटलीवर जादा पैसे घालवू नयेत. त्यातल्या काहींत त्याचाच भाऊबंद बिस्फेनॉल-एस असतो.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातली दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी आहे. पहिले नाजूक १२ आठवडे तोवर सरलेले असतात. म्हणून आशाताई पहिल्या नोंदणीला घरी येतात तेव्हाच, नवरा आणि सासूसमोर, हे सांगितले गेले पाहिजे. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांनी तशी सूचना यंदाच्या पेरणीआधी काढावी.

– माता-बाल आरोग्य आणि शेतीत काम करणारे काही वाचक, परभणी