पाटी परत लावा, या वेळी नावांसकट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गावची जुनी चावडी पाडून तिथे सभागृह बांधलं. काम चांगलं झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण चावडीच्या दाराशेजारी भिंतीत एक संगमरवरी पाटी होती. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावची ४१ माणसं गेली, त्यातली ७ मेली, एवढाच मजकूर. ती पाटी मला हातपंपाजवळ पालथी सापडली. बायका तिच्यावर हंडे टेकवत होत्या. त्यांना काय बोलणार? पालथ्या दगडावरचं कुणाला वाचता येतं!

त्या सातांतले एक माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. ११७ मराठा पलटण, पुण्याची सहावी डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही पलटण इराणच्या आखाताच्या टोकाला, फाओला उतरली. गावात मात्र तो सगळा मुलूख, आजचा इराक, म्हणजे 'बसरा'. कुत काय नि बगदाद काय, माणूस 'बसऱ्याला गेला' म्हणायचे. कुतला या डिव्हिजनला तुर्कांनी वेढा घातला तो डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. पीठ संपत आलं तशी घोडी कापायला लागले. आपल्यातल्या पुष्कळ शिपायांनी ते मटण अगदी शेवटी शेवटीच तोंडाला लावलं. शरणागतीनंतर जवळपास १३ हजार कैद झाले, त्यातल्या बहुतेकांना उन्हातून पायी हाकलत नेलं. त्या वाटचालीत आमचे थोरले आजोबा गेले.

थोरली आजी तेव्हा सोळा वर्षांची. मी स्वतः ३१ वर्षं टपाल वाटलंय, त्यामुळे तिची एक गोष्ट मला विसरता येत नाही. टपालवाला ओढा ओलांडताना दिसला की ती मुद्दाम शेणाच्या टोपलीत हात घालायची. हात भरलेले असले की पत्र घ्यायला सासऱ्याला पुढे व्हावं लागायचं. दोन वर्षं अशी काढली. सरकारी लखोटा आला १९१८ च्या श्रावणात. त्या साली पाऊसही नव्हता. मग दिवाळीच्या तोंडावर मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली आणि आठवड्याभरात सासू आणि धाकटा दीर गेले. "पाणी द्यायला उठंल असं घरात कोण नव्हतं," एवढंच ती सांगायची. हा ताप जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला होता आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. लढाईत साऱ्या हिंदुस्थानचे मेले त्याच्या कितीतरी पट. त्यांची कुठल्या चावडीवर पाटी नाही.

लढाईनंतर सरकारकडून घरी आलं ते एक काशाचं गोल पदक, वीतभरापेक्षा लहान. त्याच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह. आजी त्या पदकाला 'राणीची ताटली' म्हणायची आणि डाळीच्या गाडग्यावर झाकण म्हणून ठेवायची. कडेनं इंग्रजीत लिहिलंय की हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. १९१९ साली, म्हणजे ज्या वर्षी अमृतसरला गोळ्या घातल्या! चांदीचं एक मेडल होतं, ते ७२ च्या दुष्काळात सोनाराकडे गेलं.

ग्रामपंचायतीचा एक तरुण सदस्य मला म्हणाला, "आबा, इंग्रजांच्या चाकरीचं कसलं स्मारक?" चाकरीच होती, मान्य. चार एकर जिरायतीत तीन भावांचं भागत नव्हतं म्हणून गेले. आजही आमच्याकडची पोरं भरतीला पळतात ती त्याचसाठी, आणि गाव त्यांची मिरवणूक काढतं. जिल्ह्यातल्याच अपशिंग्यानं त्या महायुद्धातल्या आपल्या ४६ जणांचा दगड जपलाय, तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही.

माझी खरी नड वेगळीच आहे. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली आहेत. आपल्या अधिकाऱ्यांची आहेत. साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. आमची पाटीही तशीच: सात. आणि आता तो आकडासुद्धा पालथा.

नावं मिळत नाहीत असं कुणी सांगू नये. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नातवानं मोबाइलवर शोधलं आणि दहा मिनिटांत थोरले आजोबा सापडले. नावाचं स्पेलिंग वेडंवाकडं आहे, पण वडिलांचं नाव, गाव, सातारा, सगळं बरोबर. उरलेल्या सहांतले चार आम्ही आतापर्यंत शोधलेत. दोघांची घरं गावात आहेत, त्यांना हे माहीतही नव्हतं.

तालुक्यात अशा पाट्या आणखी असतील. कुणाच्या गावात चावडी किंवा शाळा पाडायची असेल तर आधी भिंत बघून घ्यावी.

आमची पाटी सध्या माझ्या गोठ्यात पोत्याखाली आहे. उजव्या बाजूचा कोपरा उडालाय. ग्रामपंचायतीनं भिंत दाखवावी, गवंडी आणि टेम्पोचं भाडं मी देतो.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
ता. कोरेगाव, जि. सातारा